लाल पावाचा ट्रे

१ सप्टेंबर, सोमवार

आमच्याकडे सप्टेंबर लागला, म्हणजे नाताळची गाणी सुरू. बाजारात प्रत्येक दुकानात घंटा किणकिणतायत आणि खाली घोट्याएवढा चिखल. आई म्हणाली, "आता चार महिने कानाला सुट्टी नाही." मी म्हटलं, मुहूर्त चांगलाय, मीही आजच सुरू करते.

सुरू काय करते, तर मनिलापासून तीन-चार तासांवरच्या आमच्या या सारिआया गावातल्या सगळ्या बेकऱ्या चाखणार. सगळ्या म्हणजे सगळ्या. बस स्टँडच्या एसीवाल्या दुकानापासून ते चर्चमागच्या खोपटापर्यंत. व्हिडिओ करणार, पेजवर टाकणार. पेजचं नाव 'चावून सांगते'. मला फार आवडलंय. आई म्हणते, कुत्र्याचं वाटतं.

हॉटेल मॅनेजमेंट करून वर्ष झालं. जहाजावरच्या नोकरीसाठी मुलाखती दिल्या, सगळीकडे "कळवू". घरी बसून पंख्याकडे बघण्यापेक्षा हे बरं. बाहेरचे लोक येतात, आमचा कासवाच्या आकाराचा कडक पाव घेतात, बसमध्ये बसतात, संपलं सारिआया. बाकीचं कोण सांगणार? मी.

नियम एकच. खोटं गोड बोलायचं नाही.

"तोंडाला काम मिळालं एकदाचं," आई म्हणाली. "खाताना तरी गप्प बसशील, सेल."

४ सप्टेंबर, गुरुवार

पहिला नंबर 'स्नो क्राउन'. बस स्टँडसमोर, मागच्या वर्षी उघडलं. काच, एसी, विजेच्या भट्ट्या, चोवीस तास चालू. मालकीण मॅम ग्लेंडा, नखं इतकी लांब की हिने आयुष्यात कधी पीठ मळलं असेल असं वाटत नाही.

जांभळ्या कंदाचा केक खाल्ला. मऊ, ओलसर, सुंदर. पांदेसाल पण खाल्ले. सकाळी कॉफीत बुडवायला जे लागतात ते छोटे गोल पाव, पण हे कापसासारखे. कॉफीत टाकले की विरघळतात, तळाशी लगदा. तसंच बोलले व्हिडिओत. मॅम ग्लेंडा हसली. "लोकांना मऊच हवं असतं गं. दात कुणाला राहिलेत?"

मी विचारलं, "लाल पाव नाही ठेवत तुम्ही?"

"लाल पाव?" तिने कपाटांकडे हात केला. "रात्रीत सगळं रिकामं होतं इथे. मग लाल पावात भरायला काय आणू?"

केवढा तो तोरा! लाल पाव मला लहानपणापासून सगळ्यात जास्त आवडतो. बाहेरून साधा पाव, आत गडद लाल, गोड, दाट सारण. आदल्या दिवशीचे उरलेले पाव कुस्करायचे, त्यात दूध, साखर, लाल रंग, आणि शिजवायचं. काहीही वाया जात नाही. गावात त्याला जे नाव आहे ते बायकांच्या पाळीवरून, ते मी कॅमेऱ्यासमोर घेणार नाही. आई मारेल.

६ सप्टेंबर, शनिवार

आज निनांग लुदीकडे. माझ्या बाप्तिस्म्याला मला हातात धरलेली ही माझी धर्ममाता, आणि निनोंग आम्बो धर्मपिता. त्यांची बेकरी चर्चच्या मागच्या गल्लीत. नारळाच्या करवंट्या आणि लाकूड जाळायची जुनी विटांची भट्टी. मी लहान असताना पहाटे त्या गल्लीत रांग लागायची, आई मला कडेवर घेऊन उभी राहायची.

निनोंग आता आजारी आहेत. छाती. आयुष्यभर पीठ आणि धूर, वर सिगारेट. शेजारच्या लुसेना शहरातल्या डॉक्टरने निनांगला बाजूला घेऊन सांगितलं, नाताळ बघतील असं धरून चालू नका. हे आईने मला सांगितलं, मला हे ठाऊक आहे हे कुणाला माहीत नाही. ते भट्टीच्या भिंतीमागच्या खोलीत पडून असतात. दवाखान्यात राहायला तयारच नाहीत. म्हणतात, भट्टी ऐकू आली नाही तर झोप लागत नाही.

मी दुकानात शिरले तेव्हा एकही गिऱ्हाईक नव्हतं. निनांगने मला पाहिलं आणि एकदम मोठ्याने ओरडली, "थांबा थांबा, ढकलाढकली करू नका, एकेकाला देते!"

मी मागे वळून पाहिलं. कोणी नाही. मला इतकं हसू आलं! या वयात, घरात एवढं आजारपण, आणि बाईला अजून मस्करी सुचते. मीही ओरडले, "मला आधी! मी कधीची उभीय!" तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे भरले तिचे. हसूनच असणार.

भट्टीवर कुया दोदोंग आहे. कुया म्हणजे दादा, पण हा दादा आता साठीचा. मला पाहून म्हणाला, "आली मोबाईलबाई. आता पावाला पण पावडर लावायची का?"

निनोंगच्या खोलीत गेले, आमच्या रीतीप्रमाणे नमस्कार म्हणून त्यांचा हात माझ्या कपाळाला लावला. हात कागदासारखा झालाय. व्हिडिओचं सांगितलं तर म्हणाले, "तोंडात टाकल्या टाकल्या बोलू नकोस म्हणजे झालं. पाव आधी गप्प बसून खायचा." मग दमले. डोळे मिटून भिंतीकडे कान. पलीकडे कुया दोदोंग कणिक कापत होता, लाकडावर पात्याचे ठक ठक ठक. निनोंगची बोटं चादरीवर तशीच हलत होती.

संध्याकाळी मी निघताना निनांग खोलीच्या दाराशी आली. निनोंगनी विचारलं, "उरले का काही, लुदी?"

"एकही नाही, आम्बो."

ते हसले. रोज हेच चालतं म्हणे. मला फार गोड वाटलं.

बाहेर कपाटात लाल पावाचा अख्खा ट्रे भरलेला होता. दोन खाल्ले. आपल्या गावातला सगळ्यात भारी लाल पाव हाच, यात वादच नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

लाल पावाचा व्हिडिओ टाकला. झोप येत नाही, सारखा फोन बघतेय.

१३ सप्टेंबर, शनिवार

चालला! म्हणजे सिनेमातल्यासारखा नाही, पण लुसेनाहून दोन मुली स्कूटरवर खास लाल पाव खायला आल्या. निनांगला सांगितलं, हे माझ्यामुळे. तिने माझ्या गालावर पिठाचा हात फिरवला. "बरं केलंस बाळा." मग हळूच म्हणाली, "पण आत त्याला काही सांगू नकोस हं. आणि गोड देऊ नकोस. लाल पाव तर मुळीच नको."

शुगर असणार. बिचारे. आयुष्यभर पाव भाजला आणि आता स्वतःलाच चालत नाही.

मी विचारलं, "निनांग, एकही पाव उरत नाही म्हणता, मग लाल पावाला कालचे पाव कुठून आणता?"

कुया दोदोंग खोकला. मग निनांग म्हणाली, "मुद्दाम जास्त करते गं. त्यासाठी."

बघा. धंदा हा असा करतात. आमच्या कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

२१ सप्टेंबर, रविवार

या आठवड्यात तीन बेकऱ्या. एकीत एग पाय, म्हणजे अंड्याच्या गोड सारणाचा भाजलेला पदार्थ, वरचा थर जळका, कडू. बोलले तसं व्हिडिओत. मालकाने आईला बाजारात गाठून विचारलं, तुमची पोरगी कुठल्या ताटात वाढली? दुसरीत हिरव्या मुगाचं सारण भरलेली होपिया, तोंडात टाकली आणि मला आजोबाच आठवले, का ते सांगता येणार नाही. तिसरीत केकवर एवढा पांढराफेक साखरेचा लेप की दात आंबले.

खरं सांगायचं तर कंटाळा यायला लागलाय. पाऊस थांबत नाही. सगळे केक एकाच डब्यातून आल्यासारखे लागतात. जहाजवाल्यांची मेल आली, "यावेळी नाही." आईला सांगितलं नाही.

मन लागत नाही तेव्हा मी चर्चमागे जाते. तिथे उबदार असतं.

२८ सप्टेंबर, रविवार

निनांगकडे आता लाल पावाचे दोन ट्रे! मी फोटो काढला. धंदा वाढतोय, आणि त्यात माझा हात आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी सुरू केलेलं काहीतरी कुठेतरी पोचलं असं वाटतंय.

कुया दोदोंगला म्हटलं, "बघा, मोबाईलबाईने काय केलं."

तो करवंट्या फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "लाल पावावर कुणाची भट्टी चालत नाही पोरी."

"का नाही? लोक येतायत ना?"

"येतायत. दोन घेतात, फोटो वीस काढतात."

जळकुटा म्हातारा. मागून निनांग ओरडत होती, "रांगेत या, रांगेत या! अहो मिस्टर, तुम्ही नंतर आलात!" दुकानात एक मांजर होतं.

खरंच फार गमतीशीर बाई आहे. पण आज तिचा आवाज बसला होता. इतकं ओरडत जाऊ नका म्हटलं, तर म्हणाली, "भिंत जाड आहे गं."

५ ऑक्टोबर, रविवार

निनांगचा मुलगा रेने जहाजावर आहे, त्याचा फोन आला होता. मी कपाट पुसत होते, स्पीकर चालू होता. तो म्हणत होता, "आई, औषधाच्या दुकानवाले अजून तयार आहेत जागा घ्यायला. किती दिवस असं पीठ जाळणार?"

"तुझा बाप आहे तोवर."

"बाबांना काय कळतंय आता?"

"त्याला ऐकू येतं," निनांग म्हणाली. "पिठाचं पोतं फोडलं की त्याला कळतं पूर्ण आहे का अर्धं. रेने, त्याला एवढंच समजून जायचं आहे, की मागे सगळं तसंच चालू आहे. मी एवढं करीनच."

मला रडू आलं. आणि मनात म्हटलं, रेने दादा तिकडे समुद्रात बसून काहीही बोलतोय, इकडे दोन दोन ट्रे लाल पाव खपतोय हे त्याला कुठे माहीत.

आता मी ठरवलंय. एक मोठा व्हिडिओ करणार, फक्त या बेकरीवर. आणि शेवटी निनोंग स्वतः बोलतील.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज फार छान झालं, आणि शेवटी काहीतरी विचित्र. नीट लिहून ठेवते.

निनांग लुसेनाला औषधं आणायला गेली होती. मला म्हणाली, त्याच्यापाशी बस, पाणी विचार. निनोंग आज जरा बरे होते. उशांना टेकून बसले, मला चिडवलं पण. "काय गं, नवरा मिळेना म्हणून केक खात सुटलीस का?"

"तुम्हीच शोधा ना एखादा. बेकरीवाला चालेल."

"बेकरीवाला करू नकोस. नवरा पहाटे पळतो तो थेट दुपारी सापडतो."

मला वाटलं हीच वेळ. फोन काढला आणि त्यांना व्हिडिओ दाखवला. आधी गल्ली, मग भट्टी, कुया दोदोंगची पाठ, आणि मग कपाट. दोन्ही ट्रे, लाल पावांनी भरलेले, वर ऊन पडलेलं. माझं सगळ्यात सुंदर दृश्य.

ते वाकून बघत राहिले. "हे आपलं कपाट?"

"मग कुणाचं!"

"हे कधीचं? सणाचं केलं होतं?"

"नाही हो निनोंग, रोजच असतं. आधी एक ट्रे असायचा, आता दोन लागतात. लाल पावासाठी तुम्ही प्रसिद्ध झालात, आहात कुठे!"

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी पुन्हा लावला. कपाट आलं तेव्हा म्हणाले, थांबव. मी थांबवला. त्यांनी बोट काचेवर ठेवलं, एकेका पावावर, मोजल्यासारखं.

"मला एक आणून दे."

"तुम्हाला गोड चालत नाही."

"कोण म्हणालं?"

मग वाटलं, एकाने काय होतंय. बाहेरून एक आणला. कुया दोदोंग करवंट्या आणायला गेला होता, नाहीतर त्याने अडवलं असतं.

त्यांनी पाव मधून उघडला. लाल सारण बोटाने चेपलं, नाकाशी नेलं. मग खाल्लं, गप्प बसून, त्यांच्या पद्धतीने. मी कॅमेरा धरून होते. अख्खा संपवला. म्हटलं, "सांगा ना कसा आहे."

"दूध कमी पडलंय," ते म्हणाले. "पाव आपलाच आहे."

"तो तर बाहेरून दिसतोच."

"बाहेरचा नाही. आतला."

मग म्हणाले, "तो फोन बंद कर बाळा." आणि भिंतीकडे तोंड करून पडले. भिंतीपलीकडे काहीच वाजत नव्हतं. मला वाटलं झोपले, पण डोळे उघडे होते.

संध्याकाळी निनांग आली. नेहमीसारखी दारात उभी राहिली, पिशव्या हातात तशाच, ते विचारतील म्हणून. त्यांनी विचारलं नाही. ती थांबली, थांबली, आणि मग आपणच म्हणाली, "एकही नाही, आम्बो."

"हो," ते म्हणाले. "ये, बस जरा. पाय दुखले असतील."

तिने उशीवरचा लाल ठिपका पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता गोड दिल्याबद्दल ओरडणार. नाही ओरडली. नुसती म्हणाली, "जा बाळा, घरी जा आता."

निनोंग शेवटी व्हिडिओसाठी चार शब्दही बोलले नाहीत. पण त्यांचं ते खाणं मात्र माझ्याकडे आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

रविवारच्या चर्चच्या प्रार्थनेनंतर गेले तर भट्टीपाशी अर्धंच पोतं उघडलेलं. मी विचारलं काय झालं.

कुया दोदोंग म्हणाला, "साहेबांचा हुकूम. रात्री म्हणाले, लुदी, उद्यापासून अर्धंच मळा. तुझे खांदे दुखतात."

"पण ऐन गिऱ्हाईक वाढलंय तेव्हा?"

त्याने मान वर केली. "काल तू त्यांना काय दाखवलंस?"

"काही नाही. आपला व्हिडिओ. कपाट."

"कपाट," तो म्हणाला. मग हातातलं कणिक कापायचं पातं आपटलं आणि मागे निघून गेला. यात आपटण्यासारखं काय होतं?

१९ ऑक्टोबर, रविवार

लाल पावाचा एकच ट्रे, तोही अर्धा. लोक विचारून परत जातायत. मी निनांगला समजवायला गेले, की मागणी असताना माल कमी करायचा नसतो. ती म्हणाली, "हो गं." एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

तिने रांगेची मस्करी पण सोडलीय. आज मीच दुकानात शिरताना ओरडले, "ढकलाढकली करू नका!" कुणीच हसलं नाही. आतून निनोंगचा आवाज आला, अगदी बारीक, "पुरे आता." कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

दोघं आता फार बोलत नाहीत. पण परवा मी खोलीत डोकावले तर निनांग त्यांच्या पायाशी बसली होती आणि ते तिचा खांदा दाबत होते, त्यांच्या त्या कागदी हाताने. त्या हातात जोर कुठला? तरी दाबत होते.

पेजवर नवीन काही टाकलं नाही. कुठलाही केक तोंडात घातला की माती लागते.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज गेलेल्यांची आठवण करायचा सण, सगळं गाव कबरस्तानात. मेणबत्त्या, छत्र्या, पत्ते, तळलेली केळी. आम्ही आजोबांच्या कबरीपाशी दिवसभर. निनांग आली, कुया दोदोंगने भाजलेला पाव सासऱ्यांच्या कबरीवर ठेवून गेली, थांबली नाही. निनोंगना श्वास पुरत नाही.

जाताना आईला म्हणाली, "तो आता ऐकत नाही गं भट्टीकडे. तोंड खिडकीकडे करून असतो."

आईने तिचा हात धरला. मी विचारलं, "का?" दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मेणबत्ती सरळ करायला वाकले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

निनोंग गेले. पहाटे, पहिली फेरी भट्टीत जात असताना. निनांगने ती फेरी पूर्ण भाजून काढली आणि मग रडली, असं कुया दोदोंग म्हणाला.

५ नोव्हेंबर, बुधवार

शवपेटी दुकानातच ठेवलीय, पुढच्या खोलीत, कपाटाशेजारी. रेने येईपर्यंत ठेवणार. मी निनांगबरोबर खुर्च्या लावल्या. शेजारच्या बायका म्हणाल्या, लुदी, दुखवट्याला येणाऱ्यांसाठी 'स्नो क्राउन'मधून बिस्किटं सांगून टाकू का, तू आता भट्टी कशाला पेटवतेस?

निनांग इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "आम्बोच्या मयताला दुसऱ्याचा पाव? मी मेलेय का?" आणि कुया दोदोंगला म्हणाली, "पूर्ण पोतं उघड."

आज सबंध गाव आलं. माझ्या लहानपणीच्या रांगेतले सगळे. गेल्या वर्षभरात यातलं एक तोंड मी या दुकानात पाहिलं नव्हतं. कॉफी घेतात, पाव घेतात, पत्ते खेळतात, म्हणतात, "असा पाव आता कुठे मिळतो!" मग उठून जातात. मयताच्या घरून थेट घरी जायचं नसतं, वाटेत कुठेतरी टेकायचं, नाहीतर मेलेला माणूस मागोमाग येतो. सगळे टेकतात 'स्नो क्राउन'मध्ये. तिथे एसी आहे.

मला पण आईने बजावलं होतं, थांबून ये. म्हणून मी पण गेले. मॅम ग्लेंडाने स्वतः कॉफी आणली. फार चांगली वागली, खरंच. "म्हाताऱ्याचा हात होता गं. मी त्याच्याचकडून पाव खाऊन मोठी झाले." मी तिच्या रिकाम्या होत आलेल्या कपाटांकडे बघत बसले. एक बाई शेवटचे पांदेसाल मागत होती. मॅम ग्लेंडा म्हणाली, संपले, सकाळी या.

आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला.

तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काही उरतच नाही, तर लाल पावात भरायला काय आणू.

पुढे आज लिहिता येत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

व्हिडिओ काढून टाकला. लोक विचारतायत, लाल पाव अजून मिळतो का. एकालाही उत्तर दिलं नाही.

निनोंगचा पाव खातानाचा जो भाग आहे तो मात्र पुसता आला नाही. पुन्हा बघितला. मला तेव्हा वाटलं होतं ते चव घेतायत. ते एकेक घास ओळखत होते. सोमवारचा, मंगळवारचा.

कुया दोदोंग भट्टीपाशी एकटा होता. त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले. त्याने मला पातं दिलं, कणिक पुढे सरकवली. "मळ," म्हणाला. "उभी राहून काय होणार?"

मळलं. संध्याकाळी थेट घरी आले. कुठेही थांबले नाही. आले निनोंग मागोमाग, तर येऊ देत.

८ नोव्हेंबर, शनिवार

रेने दादा काल पोचला. उद्या सकाळी दफन. त्यानंतर भट्टी बंद, औषधाच्या दुकानवाल्यांना जागा द्यायचं ठरलं. निनांग त्याच्याबरोबर मनिलाला जाईल. तिने नाही म्हटलं नाही.

आज शेवटचा दिवस म्हणून माणसं मावत नव्हती. गल्लीपर्यंत. मी आणि कुया दोदोंग पहाटेपासून भाजत होतो, निनांग देत होती. कुणीतरी पुढे घुसलं, मागून कुणीतरी ओरडलं, "रांगेत या हो, ढकलाढकली कशाला!" निनांगचा हात ट्रेवरच थांबला. मग ती हळू म्हणाली, "एकेकाला देते." आज ओरडायची गरज नव्हती.

संध्याकाळी पाच-सहा जण उरले होते. लुसेनाच्या त्या स्कूटरवाल्या दोघी आल्या, काळे कपडे घालून. एकीने घाबरत घाबरत विचारलं, "मावशी, लाल पाव आहे का? त्यांच्या आठवणीला."

"लाल नाही आज," निनांग म्हणाली.

मी मागच्या खोलीत जाऊन ट्रे बघितले. सगळे. उलटे करून, खाली वाकून, भट्टीच्या तोंडातही. फक्त चुरा होता.

बाहेर आले तर निनांग शवपेटीपाशी उभी होती. एप्रनला हात पुसले तिने, पेटीच्या काचेवर ठेवले. कुणी काही विचारलं नव्हतं.

"एकही नाही, आम्बो," ती म्हणाली. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हो ना गं, सेल? तू सांग त्याला."

मी सांगितलं.